उलटा वर्ग

बाई कलेचा इतिहास शिकवायच्या, आणि आजवर त्यांनी तो अंधारातच शिकवला होता. खिडक्या झाकायच्या, दिवे मालवायचे, भिंतीवर एकामागून एक चित्रं दाखवायची आणि कोपऱ्यात उभं राहून बोलत राहायचं. मागच्या बाकांवरची मुलं डुलक्या काढतात हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याचं फारसं वाईट वाटत नसे. अंधारात आपल्याकडे कोणी बघत नाही, हे अलीकडे त्यांच्या सोयीचंच झालं होतं.

मग विभागाला नवे प्रमुख आले. वयाने बाईंपेक्षा लहान, बोलायला गोड आणि हट्टाला पक्के. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं की यापुढे वर्गात व्याख्यान द्यायचं नाही. व्याख्यानाचा व्हिडिओ घरी करायचा, मुलांनी तो आपापल्या घरी बघून यायचा, आणि वर्गातला वेळ चित्रं बघण्यात आणि त्यांवर बोलण्यात घालवायचा.

"याला उलटा वर्ग म्हणतात," प्रमुख म्हणाले.

"म्हणजे मुलं शिकवणार आणि डुलक्या आपण काढायच्या ना?" शिल्पकला शिकवणारे म्हातारे सर म्हणाले. "मला चालेल."

सगळे हसले. बाईही हसल्या. बैठक संपल्यावर त्या प्रमुखांच्या मागोमाग गेल्या.

"सर, व्हिडिओ कॉलेजातच कुठे करता येईल का?"

"रेकॉर्डिंगची खोली संगीतवाल्यांनी अडवून ठेवलीय. आणि घरी काय अडचण आहे? तुम्ही आणि मुलगा, दोघंच तर असता. कॅमेऱ्याची भीती वाटत असेल तर सांगतो, थोड्या दिवसांत जाते ती."

बाई बरं म्हणाल्या. कॅमेऱ्याची भीती त्यांना नव्हतीच. भीती होती ती मुलाची.

त्यांच्या मुलाला घरीदारी सगळे अजून बाळ म्हणत. बाळ तिशी उलटलेला, दारातून वाकून आत येणारा माणूस होता. तो जाहिरातींच्या शूटिंगमध्ये कॅमेऱ्यावर काम करायचा. ते काम सुटलं, का सुटलं ते त्याने कधी नीट सांगितलं नाही, आणि तो सामानसुमान घेऊन आईकडे राहायला आला. सुरुवातीला बाईंना बरं वाटलं. नवरा गेल्यापासून घर अगदी ओकंओकं झालं होतं. मग एकदा जेवण गार आहे म्हणून ताट भिंतीवर गेलं. त्यानंतर बाळ रडला, माफी मागितली, भिंत स्वतः पुसली. पुढच्या खेपेला बाईंची बोटं दाराच्या फटीत होती आणि त्याने दार ओढलं. तेव्हाही तो रडला. दार वाऱ्याने आपटलं, असं बाईंनी डॉक्टरांना सांगितलं.

आता त्यांना त्याच्या तोंडाकडे बघावंही लागत नसे. सगळं कानांना कळायचं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या तर संध्याकाळ बरी जाणार, टाकल्या तर नाही. थोरल्या बहिणीशी फोनवर बोलायचं तर त्या स्वयंपाकघरात नळ सोडून बोलायच्या. "तुझ्याकडे सारखी भांडीच कशी घासणं चाललेली असतात गं?" ताई विचारायची. बाई काहीतरी सांगून वेळ मारून न्यायच्या.

व्हिडिओचं बाळाच्या कानावर गेलंच. कॉलेजातून पत्रक घरच्या संगणकावर आलं होतं आणि आईचं सगळं टपाल तो आधी वाचायचा. बाईंना वाटलं होतं, चिडेल. तो खुलला.

"अगं, मला नाही का सांगायचं? मी करून देतो सगळं. तू नुसती बस आणि बोल."

नको म्हणायला बाईंची जीभ रेटली नाही. बाळाने माळ्यावरून दिवे काढले, पुसले, माइक जोडला, पुस्तकांचं काचेचं कपाट एकट्याने ढकलत आणून खुर्चीमागे उभं केलं. काम करताना तो शीळ घालत होता. कितीतरी दिवसांत त्यांनी ती ऐकली नव्हती. याला हातात काम हवं होतं, एवढंच असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि तो दिवस खरंच चांगला गेला.

पण बाळाला व्हिडिओ अगदी निर्दोष हवा होता. बाईंचा एखादा शब्द अडखळला, हात नको तिथे गेला, की तो कॅमेऱ्यामागून म्हणायचा, "पुन्हा." त्या पुन्हा बोलायच्या. "पुन्हा." आवाज चढत नसे, उलट खाली खाली जात असे, आणि तो जितका खाली जाई तितके बाईंचे हात गार पडत. हात गार पडले की शब्द आणखी अडखळायचे. एका दुपारी त्याने मनगट इतकं आवळलं की घड्याळाचा पट्टा तुटला. बाईंनी पुढचा व्हिडिओ लांब बाह्यांच्या कपड्यांत केला. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही हे त्यांना जमायला लागलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

उलट्या वर्गाच्या पहिल्या दिवशी बाक गोलात लावलेले होते आणि दिवे लख्ख जळत होते. इतक्या वर्षांत त्यांनी मुलांचे चेहरे असे कधी पाहिलेच नव्हते. जाड चष्म्याच्या एका मुलीला तर त्यांनी केवळ बाकावर टेकलेलं डोकं म्हणूनच ओळखलं असतं. मग तीच चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, व्हिडिओत तुम्ही या चित्रातलं आभाळ निळं आहे म्हणालात. मला ते हिरवट दिसतंय." लगेच दुसरं कोणीतरी नाही म्हणालं, आणि बघता बघता वर्गात कालवा सुरू झाला. तास संपला तेव्हा बाईंना जाणवलं की मघापासून आपण दाराकडे एकदाही पाहिलेलं नाही.

त्यानंतर त्यांना वर्ग आवडायला लागला आणि घरचं रेकॉर्डिंग मात्र जास्तच नकोसं झालं.

मग सफरचंदाचं चित्र आलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा अज्ञात चित्रकाराने काढलेलं, एवढीच त्याची माहिती होती. खिडकीशी टेबल, टेबलाशी सफरचंद सोलणारी एक बाई, सालीची लांब पट्टी लोंबतेय, पायाशी कुत्रा. घरातल्या शांततेचं चित्र, असं बाई वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या आणि व्हिडिओतही तेच बोलल्या होत्या. फरशीवर उजेड कसा पडलाय, कापडाच्या चुण्या कशा रंगवल्यात, हे सगळं सांगून झालं होतं. वर्गात त्यांनी विचारलं, "चित्रात काय दिसत नाही, ते सांगा."

"कुत्रा चौकटीबाहेर बघतोय," चष्मेवाली म्हणाली. "त्याने शेपूट पायांत घातलंय. आणि सुरी थांबलीय, मॅडम. ती सोलत नाहीये. कोणीतरी आत आलंय आणि ती थांबलीय. मला नाही वाटत हे शांततेचं चित्र आहे."

बाईंनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. सुरी खरंच थांबलेली होती. इतकी वर्षं हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

"तुमच्या व्हिडिओतही असंच आहे," समोरून एक मुलगा म्हणाला. वर्गात त्याला लंबू म्हणत, आणि कशातही गंमत शोधायची त्याला खोड होती. "प्रत्येक वाक्याच्या आधी तुम्ही कॅमेऱ्याच्या वर बघता. आणि मागच्या कपाटाच्या काचेत एक उचललेला हात दिसतो, तेव्हा तुम्ही अशी मान आत घेता." त्याने मान आत घेऊन दाखवली. पोरं हसली. "मी व्हिडिओखाली लिहिलंय पण. दिग्दर्शक फार कडक आहेत म्हणून."

चष्मेवाली हसली नाही.

बाईंना ती दुपार आठवली. बाळाने हात उगारला होता, मारलं नव्हतं. तो तुकडा तसाच व्हिडिओत राहिला होता. त्यांना मारायला उठलेला हात इतका सवयीचा झाला होता की तो काचेत दिसतोय हे व्हिडिओ तपासताना त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्याच्याही नाही.

"ते लिहिलेलं काढ," त्या म्हणाल्या.

"गंमत केली, मॅडम."

"आत्ताच्या आत्ता काढ."

असा आवाज मुलांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लंबूने मुकाट्याने फोन काढला आणि ते पुसलं. पण व्हिडिओखाली मुलं काय लिहितात ते बाळ दिवसातून कितीदा तरी बघायचा आणि जेवताना आईला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याने ते बघितलं नसेल ही आशा वेडी होती. बाई घरी जायला निघाल्या, बसथांब्यावर उभ्या राहिल्या, आलेली बस जाऊ दिली, तिच्या मागची बसही जाऊ दिली. तिसरीत चढल्या, कारण उशीर झाला तर त्याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

बाळ सोफ्यावर बसला होता. समोर मोठ्या टीव्हीवर त्यांचा चेहरा थांबवून ठेवलेला होता, मान आत घेतलेला. मागे काचेत हात.

"बस, आई."

त्या बसल्या.

"कोण गं हा पोरगा?"

"माहीत नाही. मुलं काहीही नावं घेऊन लिहितात."

"तुला तुझ्या वर्गातली पोरं माहीत नाहीत?" तो शांतपणे म्हणाला. "वर्गात काय बोलणं झालं यावर?"

"काही नाही. फरशीवरच्या उजेडावर बोललो."

बाळाने मान हलवली. उठून त्याने स्वतः त्यांना पाण्याचा पेला आणून दिला आणि त्या पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभा राहिला. त्याने त्यांना बोटही लावलं नाही, आणि त्यामुळे त्यांना जास्तच भीती वाटली.

"पुढच्या तासाला मी येतो," तो म्हणाला. "चर्चेचं शूटिंग करू. तुझ्या सरांनाही आवडेल. मलाही ऐकू दे की पोरं काय काय बघतात."

सरांना ते आवडलंच. बाईंनी, वर्गात परका माणूस असला की मुलं बुजतील, असं सांगून पाहिलं. "परका कसला, तुमचाच मुलगा ना?" प्रमुख म्हणाले. त्यांना खरं सांगायचं म्हणून बाईंनी तोंड उघडलं आणि मग म्हणाल्या की हो, तेही खरंच.

बाहेर पॅसेजमध्ये चष्मेवाली थांबली होती.

"मॅडम, एक बोलू? माझे वडील होते तसे. मला कळतं."

"काहीतरीच काय. अभ्यासाला लाग."

"लागते," ती म्हणाली. जागची मात्र हलली नाही. "तुम्ही आम्हाला सांगायला नको. पण वर्गात कधी मला म्हणालात ना, की जरा सरांना बोलावून आण, तर मी काही न विचारता जाईन."

बाईंनी तिच्याकडे न बघता मान हलवली आणि घाईघाईने जिना उतरल्या.

तासाच्या दिवशी बाळाने त्यांना आपल्या गाडीतून कॉलेजात आणलं. वाटेत तो जुन्या शूटिंगच्या गमती सांगत होता आणि त्या योग्य जागी हसत होत्या. वर्गात त्याने खिडकीजवळ स्टँड लावला, मुलांना हसून नमस्कार केला, कॅमेरा सुरू केला. त्यावरचा लाल दिवा लागला. लंबूने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाईंनी मुद्दाम दुसरं चित्र आणलं होतं. डोंगर, नदी, झाडं, माणूस औषधालासुद्धा नाही.

"हे काय?" बाळ मागून म्हणाला. "ते सफरचंदवालं दाखव ना. त्यावर चर्चा रंगली होती म्हणे."

बाईंनी सफरचंदाचं चित्र लावलं.

"बोला की," बाळ मुलांना म्हणाला. तो कॅमेरा सोडून गोलाच्या आत आला होता. "तुमची नजर फार तीक्ष्ण आहे असं ऐकतो. माझ्या व्हिडिओत काय काय दिसलं तुम्हाला?"

बाळ एकेका बाकापुढून सावकाश चालत गेला आणि खाली मान घातलेल्या लंबूपाशी थांबला.

"तू का तो?"

त्याने लंबूच्या खांद्यावर हात ठेवला. हसतच ठेवला, पण बोटं रुतलेली बाईंना दिसली. ती पकड त्यांच्या मनगटाला ओळखीची होती. लंबूने वर पाहिलं. नेहमी थट्टेवारी नेणाऱ्या त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्याने मान आत घेतली होती. या खेपेला नक्कल म्हणून नाही.

"बाळ, त्याला सोड."

बाळाने वळून पाहिलं.

"सरांना बोलावून आण," बाई चष्मेवालीला म्हणाल्या. ती उठली आणि बाळाच्या अगदी शेजारून, न पळता, बाहेर गेली.

"सरांना कशाला?" बाळ म्हणाला. आवाज खाली गेला होता. "आई, तू घरी चल. तुला बरं नाहीये."

त्यांनी टेबल धरलं. बोलायची त्यांना भीती वाटत होती, पण त्याच्याबरोबर त्या गाडीत पुन्हा बसायची भीती त्याहून मोठी होती.

"तो काचेतला हात तुझा आहे," त्या म्हणाल्या. "मला मारायला उचललेला. मी तुझ्याबरोबर घरी येणार नाही. मला भीती वाटते तुझी."

आवाज इतका बारीक होता की पलीकडच्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"काहीही काय बोलतेस, आई," बाळ म्हणाला आणि हसायला गेला. मग त्याची नजर कॅमेऱ्याकडे गेली. लाल दिवा लागलेलाच होता. लंबूच्या खांद्यावरचा हात त्याने काढला, जाऊन कॅमेरा बंद केला आणि स्टँड मिटायला लागला. स्टँडचा एक पाय मिटेना. सगळा वर्ग बघत होता आणि तो त्या पायाशी झटत राहिला. बाईंना वाटलं, जावं आणि मदत करावी. त्यांनी एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात दारात प्रमुख आले, त्यांच्यामागे चष्मेवाली. बाळ तो अर्धवट मिटलेला स्टँड तसाच काखेत घेऊन त्यांच्या बाजूने निघून गेला.

त्या दिवशी बाई घरी गेल्या नाहीत. प्रमुखांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. "तुम्ही विचारलं होतंत मला," ते म्हणाले. "कॉलेजात करता येईल का म्हणून." फोन गेल्यावर ताई टॅक्सी करून आली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तो नळ त्यासाठी सोडायचीस होय," आणि बाईंचा हात मांडीवर घेऊन रडायला लागली. बाईंना रडू आलं नाही. त्या मागच्या काचेतून गाड्या बघत होत्या.

बाळाचे फोन येत राहिले. आधी माफीचे, मग ओरडण्याचे, मग पुन्हा माफीचे. एका सकाळी तो ताईच्या इमारतीखाली येऊन उभा राहिला. पडद्याआडून त्याला बघताना बाईंना जाणवलं की आपण श्वास रोखून धरलाय. त्यांनी बहिणीला म्हटलं की आता पोलिसांत जाऊ. ताई हे पहिल्या दिवसापासून सांगत होती आणि बाई नाही म्हणत होत्या. चौकीतल्या महिला पोलिसासमोर स्वतःच्या मुलाविरुद्ध सही करताना त्यांच्या हातातून पेन दोनदा खाली पडलं.

पोलिसांनी बाळाला बोलावून समज दिली. तो शहर सोडून एका मित्राकडे गेला. त्याच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग कोणी मागितलं नाही आणि त्यानेही दाखवलं नाही. प्रमुख आणि ताई सोबत घेऊन बाई घरी गेल्या तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. भांडीसुद्धा घासून ठेवलेली होती. ती रचलेली भांडी बघून त्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या.

कुलूप बदललं तरी त्या बरेच दिवस एकट्या राहू शकल्या नाहीत. अजूनही दाराची घंटा वाजली की त्या आधी जागच्या जागी उभ्या राहतात, दुसऱ्यांदा वाजेपर्यंत. व्हिडिओ आता त्या कॉलेजच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत करतात. संगीतवाल्यांनी दुपारची वेळ सोडली. दरवेळी व्हिडिओत एखादं वाक्य अडखळतं आणि ते तसंच राहतं. लंबूने एकदा त्यांना त्या खोलीबाहेर गाठून माफी मागितली. बाईंनी त्याला सांगितलं की चूक त्याची नव्हती, त्याने फक्त बघितलं होतं. तो मान हलवून गेला, पण त्यानंतर पुष्कळ दिवस वर्गात गंमत करेना.

एकदा तासाच्या आधी कचेरीतल्या फोनवर बाळाचा आवाज आला.

"आई, मी डॉक्टरांकडे जातोय. बोलतो तिथे. एकदाच भेट ना."

त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. बाईंना तो खरा वाटला. आधीही प्रत्येक वेळी खराच वाटला होता.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "जात राहा तिथे. मी अजून नाही येऊ शकत."

फोन ठेवून त्या तिथल्याच खुर्चीत बसल्या. कारकुनाने पाणी पुढे केलं. ते पिऊन होईपर्यंत तासाची घंटा होऊन गेली. वर्गाशी पोचल्या तेव्हा आतून कालवा ऐकू येत होता. मुलांनी वाट न बघता चित्र लावलं होतं आणि त्यांची जुंपली होती. चष्मेवाली उभी राहून कोणाला तरी ठणकावून सांगत होती की नीट बघ, आधी नीट बघ. बाई दार ढकलून आत गेल्या आणि गोलात एक खुर्ची रिकामी होती तिच्यावर बसल्या.